डिकीतलं बिनदुधाचं स्वयंपाकघर

आमची इको गाडी सांगलीतून सहलीला निघते तेव्हा मागे दोन क्रेट असतात, भाजीवाल्यांकडे असतात तसले प्लॅस्टिकचे. एकात भांडी, एकात शिधा. तिसरा क्रेट भरायला लागले की मी थांबते. काहीतरी जास्तीचं घेतलेलं असतं. मी दूध सोडून सात वर्षं झाली. नवऱ्याने सोडलेलं नाही, पण गाडीतला स्वयंपाक माझ्याकडे, त्यामुळे ते चार-पाच दिवस तोही बिनदुधाचाच असतो. चहाच्या वेळी तेवढी कुरकुर होते.

व्हीगन, म्हणजे दूधदुभत्यासकट प्राण्यांकडून आलेलं काहीच न खाणारी, म्हटलं की लोक आधी टोफूबद्दल (सोया दुधाचं पनीर) विचारतात. गाडीत गरम होऊन तो आंबेल, म्हणून मी नेतच नाही. पिठलं, उसळ, आमटी, झुणका, शेंगदाण्याची चटणी, भाकरी, यात दूध होतं कधी? आपल्या प्रवासाच्या शिदोरीत दुधाच्या गोष्टी शोधल्या तर तीनच हाताला लागतात: दशमी, तूप आणि ताक. या तिघांची सोय लावली की निम्मं काम झालं.

दशमीचं पीठ दुधात भिजवतात, म्हणून ती मऊ राहते आणि प्रवासात टिकते. मी नारळाच्या दुधात भिजवून पाहिली, चव छान आली, पण दुसऱ्या दिवशी दुपारी खवट वास यायला लागला. मग सासूबाईंनी आठवण करून दिली, "अगं, घारगे कर की." लाल भोपळा किसून गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक, चमचाभर तांदळाचं पीठ, कडकडीत तेलाचं मोहन, वेलची. पाणी अजिबात नाही. तेलात तळले की तीन दिवस निवांत टिकतात, फक्त पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करायचा नाही. (गुळाबद्दल कुणी विचारतं, म्हणून सांगते: आमच्या कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात रसावरची मळी काढायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. त्यात दुधाचा संबंध नाही.)

तुपाच्या जागी घाण्याचं शेंगदाणा तेल. मेतकूट-भातावर कच्चं तेल आणि चिमूटभर मीठ घालून बघा, तुपाची आठवण येते पण त्रास देत नाही. ताकाच्या जागी आमसुलाचं सार. आमसुलं आठ-दहा पुरतात, वजन नाही, नासत नाहीत.

भाकरी मात्र गाडीबरोबर थापायची नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. परात, पीठ, वारा, छोटा बर्नर, शेवटी भाकरी एका बाजूने कच्ची आणि दुसऱ्या बाजूने करपलेली. मी सोलापूरची कडक भाकरी नेते. पापडासारखी वाळलेली असते, कोरडी ठेवली तर आठवडेच्या आठवडे टिकते, आणि गरम आमटीत कुस्करली की दोन मिनिटांत मऊ. कोकणात उतरलं की तिथला भात आणि घावणे, गोव्यात शिरलं की सकाळी पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, पोई.

आता घरी करायचं काम. निघायच्या आदल्या दिवशी दोन तास द्या, रस्त्यावर रोज तासभर वाचतो. रवा तेलावर मोहरी, कढीपत्ता, सुकी मिरची, उडीद डाळ घालून खमंग भाजून ठेवायचा; तिथे एक वाटीला अडीच वाटी उकळतं पाणी ओतलं की उपमा. कुळथाचं पीठ, त्यातच हळद, तिखट, मीठ, हिंग मिसळून बरणीत. वाटण मी ओलं नेत नाही. कांदा पातळ चिरून तेलात कुरकुरीत तळायचा, सुकं खोबरं आणि तीळ भाजायचे, सगळं गार झाल्यावर मसाल्याबरोबर कोरडं फिरवायचं. कुठल्याही उसळीला दोन चमचे टाकले की घरचा रस्सा. शेंगदाण्याची आणि कारळ्याची चटणी, दाण्याचं कूट, तासगावचे बेदाणे, पोहे. सोया चंक्स एक पाकीट, भाजी मिळाली नाही तर.

दुकानातून काही घेताना पाकिटाची मागची बाजू वाचा. हिरवा ठिपका शाकाहाराचा आहे, त्याच्याआड दुधाची भुकटी खुशाल असू शकते. साध्या ग्लुकोज बिस्किटातही बहुतेक वेळा असतेच. मला सगळ्यात जास्त फसवलं ते नारळाच्या दुधाच्या पावडरीने. नाव नारळाचं, आणि बारीक अक्षरात सोडियम केसिनेट. ते दुधातलं प्रथिन. तेव्हापासून नारळ आणि छोटी खवणी बरोबर असते, आणि सोलकढी जेवायच्या अर्धा तास आधीच होते. एकदा गगनबावड्याला सकाळी करून बाटलीत भरली होती, करूळ घाट उतरून वैभववाडीला पोचेपर्यंत झाकण उडालं. नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टावर ते गुलाबी नकाशे अजून आहेत.

शेगडीबद्दल थोडं सविस्तर, कारण चूक झाली तर इथेच महागात पडते. माझ्याकडे गॅसचा छोटा कॅन लावायची एक बर्नरची शेगडी आहे. गाडीत, बंद तंबूत, पावसातसुद्धा आत पेटवायची नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर न जाता खाली सांडलेल्या पाण्यासारखा साचतो, आणि बंद जागेत ज्वाळेतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो. शेगडी गाडीपासून आठ-दहा पावलांवर, सीएनजीची गाडी असेल तर आणखी लांब. पाऊस असेल तर ताडपत्री उंच बांधा आणि तीन बाजू मोकळ्या ठेवा. वारा अडवायला मी क्रेट आडवा लावते, पण एकाच बाजूने. चारी बाजूंनी पत्रा लावला तर कॅन तापतो. तसंच रुंद बुडाचं भांडं किंवा मोठा तवा कॅनच्या कप्प्यावर आला तर खालची उष्णता परत कॅनवर येते. म्हणून कुकर दोन लिटरचाच. जास्तीचे कॅन उन्हात उभ्या गाडीत ठेवायचे नाहीत. आम्ही ते पिशवीत घालून झाडाखाली आपल्याबरोबर नेतो. बघणाऱ्याला वाटतं, काय जपतात!

जंगलात आणि सड्यावर (कोकणातल्या कातळाच्या माळावर) लाकडं पेटवायची नाहीत. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत वणव्याचे दिवस, एक ठिणगी पुरते.

गॅस वाचवायची माझी युक्ती म्हणजे जुनी गोधडी. तांदूळ वीस मिनिटं भिजवायचे, कुकरची एक शिट्टी काढायची, गॅस बंद करून कुकर गोधडीत गच्च गुंडाळून क्रेटमध्ये. वीस मिनिटांनी भात मोकळा. भिजवलेल्या तूरडाळीला दोन शिट्ट्या आणि चाळीस मिनिटं. पण गोधडी म्हणजे फ्रीज नव्हे. शिजलं की खायचं, कोमट अन्न संध्याकाळपर्यंत ठेवायचं नाही. अशाने दोघांच्या दोन दिवसांच्या स्वयंपाकाला मला एक कॅन पुरतो. गोधडी नव्हती तेव्हा दिवसाला एक जायचा.

उंचावर गणित बदलतं. साधारण दर तीनशे मीटरला पाणी एक अंश कमी तापमानाला उकळतं. महाबळेश्वरला, म्हणजे साडेतेराशे मीटरवर, फार जाणवत नाही. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. तिथे उघड्या पातेल्यात राजमा शिजवायचा विचारसुद्धा करू नका, कुकरच हवा. आणि नुसत्या ब्यूटेनचा कॅन थंडीत रुसतो, कारण ब्यूटेनची वाफच साधारण शून्य अंशाखाली होत नाही. तिकडे प्रोपेन मिसळलेला कॅन लागतो.

मटकी गाडीतच मोड आणते, हा मला अजूनही मिळणारा फुकटचा आनंद. निघायच्या आदल्या दुपारी एक वाटी मटकी भिजत घालायची, रात्री निथळून ओल्या पंचात बांधायची. पहिल्या वेळी ती पुरचुंडी मागच्या दाराच्या हँडलला टांगली होती आणि सीट भिजली, आता चाळणीत ठेवून खाली डबा. दुपारी एकदा पाण्यातून काढायची. कोकणात संध्याकाळपर्यंत मोड, घाटावर थंडीत आणखी एक दिवस. गाडी उन्हात बंद करून जाणार असाल तर मटकी बरोबर न्या. मी एकदा मालवणात तीन तास विसरले होते. वास दोन दिवस गाडीत आणि पंचा कायमचा गेला.

आता पिठी, कारण घाटात धुकं असताना तिच्यासारखं दुसरं काही नाही. गगनबावड्याच्या अलीकडे रस्त्याकडेला आम्ही ती कैक वेळा केली. दोघांसाठी चार मोठे चमचे कुळथाचं तयार पीठ, अडीच-तीन वाट्या पाणी, सहा-सात लसूण पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या, दोन आमसुलं. आधी भात करून गोधडीत टाकायचा, मग बर्नर पिठीसाठी मोकळा. घरी आपण उकळत्या पाण्यात पीठ वैरतो. रस्त्यावर वैरायचं नाही! पहिल्या वेळी अर्धं पीठ वाऱ्याने नवऱ्याच्या चष्म्यावर बसलं. रुंद तोंडाच्या बाटलीत वाटीभर गार पाणी घ्या, वर पीठ टाका, झाकण लावून शंभर मोजेपर्यंत हलवा. गुठळी राहत नाही. पातेल्यात तेल तापलं की ठेचलेला लसूण टाकायचा आणि तो तांबूस होईपर्यंत बाकी काही करायचं नाही. इथे घाई केली की पिठीला कच्चट वास येतो. मग मिरची, उरलेलं पाणी, आमसुलं. पाण्याला कड आला की बाटली पुन्हा एकदा हलवून धार सोडायची आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. पाच-सहा मिनिटांत वर लहान बुडबुडे फुटतात, रंग गडद होतो, कुळथाचा तो मातकट खमंग वास येतो. पळीवरून सहज ओघळेल इतकी पातळ असतानाच उतरवा, ताटात ती आपोआप दाटते.

सकाळी नाचणीची आंबील. दोन चमचे पीठ रात्री वाटीभर पाण्यात कालवून झाकून ठेवलं की सकाळपर्यंत आपसूक आंबूस होतं, ताक लागत नाही. तीन वाट्या पाणी उकळून त्यात ते घालायचं, ठेचलेला लसूण, जिरं, मीठ. दूध सोडलेल्यांना नाचणी तशीही हवीच. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. बी १२ मात्र या दोन्ही क्रेटमध्ये कुठेच नाही. त्याची गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायची आणि औषधाच्या डब्यात ठेवायची. चहा कोरा, गवती चहा आणि आलं घालून. नवऱ्यासाठी सोया दुधाचं छोटं पाकीट नेते, पण ते चहा खाली उतरवल्यावर घालायचं. चुलीवर असताना घातलं तर फुटतं.

पाणी दोघांना पिण्या-रांधण्या-धुण्याला दिवसाला दहा लिटर धरा. ताटं आधी पोईच्या तुकड्याने किंवा पानाने पुसून घ्या, मग साबणाचे चार थेंब घातलेली फवारणीची बाटली आणि एकदा स्वच्छ पाणी. तुपाचा ओशटपणा नसल्याने हे काम फार सोपं जातं, हे मला दूध सोडल्यावरच कळलं. ओढ्यात भांडी बुडवायची नाहीत. सांडपाणी पाण्यापासून शंभर पावलं लांब, मातीत.

आणि दिवसातून एकदा बाहेर जेवाच, नाहीतर सहल म्हणजे नुसती भांडी घासणं. "मी व्हीगन आहे" म्हणून काही उपयोग होत नाही. महामार्गावरच्या एका धाब्यावर मी तसं सांगितलं, पोऱ्याने मान डोलावली आणि दालफ्रायवर लोणी तरंगत आलं. वर "थोडंसंच आहे ताई". आता मी यादी म्हणून दाखवते: दूध, दही, ताक, तूप, लोणी, पनीर, मलई, काही नको, फोडणी तेलाची. मालवणच्या एका खानावळीत हे सगळं ऐकून मालकीणबाई म्हणाल्या, "मगे काळ्या वाटाण्याचा सांबारा नि आंबोळी खा. ह्यात खंयचा दूध?" आणि अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवायला लागल्या.