वापरलेले गिंबल हेड घेताना
५०० किंवा ६०० मिमीच्या लेन्ससाठी गिंबल हेड, म्हणजे ट्रायपॉडवर बसणारा आणि जड लेन्स तोलून धरत सहज फिरवू देणारा जोड, दुसऱ्याने वापरलेला घ्यायचा असल्यास ते पाहायला जाताना स्वतःची लेन्स आणि कॅमेरा बरोबर न्यावा, कारण वजन नसलेल्या हेडमधले दोष हाताला सहसा जाणवत नाहीत. लेन्स क्लॅम्पमध्ये (लेन्सचा पाय पकडणाऱ्या चिमट्यात) पुढेमागे सरकवून आणि उंची जुळवून तोल साधला की आडवी आणि उभी हालचाल आवळणारे दोन्ही नॉब सैल करावेत. लेन्स ज्या कोनात सोडाल तिथेच राहिली पाहिजे आणि तरीही बोटाच्या हलक्या धक्क्याने सहज फिरली पाहिजे. मग ती अगदी सावकाश फिरवावी, कारण बेअरिंगमधली वाळू किंवा गंज भरभर फिरवताना लपतो, पण हळू फिरवताना खरखर किंवा अडखळ होऊन बोटांना कळतो. नॉब आवळल्यावरही सांध्यात खुळखुळ जाणवली, तर किंमत कितीही कमी असली तरी मी ते हेड घेणार नाही. मात्र लेन्सच्या कॉलरमधली (लेन्सभोवतीच्या, पाय जोडलेल्या कड्यातली) हालचाल हेडच्या माथी मारू नये. रंगाचे टवके उडालेले असले तर काही बिघडत नाही. क्लॅम्प आर्का-स्विस पद्धतीचा (बऱ्याच प्लेट बसतात अशा प्रचलित खाचेचा) आहे का आणि ट्रायपॉडवर बसणारे तळाचे ३/८ इंची आटे झिजलेले नाहीत ना, हेही पाहावे. लेन्सच्या पायाची, क्लॅम्पमध्ये बसणारी प्लेट आखूड असल्यास तोल साधत नाही, तेव्हा लांब प्लेटचा खर्च आधीच धरावा.