गेटिसबर्गचा तोफखाना अभ्यासताय? या चुका टाळा

अमेरिकेतल्या यादवी युद्धावर, त्यातही १८६३च्या गेटिसबर्ग मोहिमेवर, आपल्याकडचे हौशी अभ्यासक लिहू लागलेत, याचं मला मनापासून कौतुक आहे. पण तोफखान्याची टिपणं तपासायला येतात तेव्हा त्याच त्या चुका पुन्हा समोर येतात आणि जीव तुटतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे नुसतं ‘बॅटरी बी’ लिहून मोकळं होणं. (बॅटरी म्हणजे काही तोफांची एक तुकडी.) अहो, कुठली बी? ऱ्होड आयलंडच्या पहिल्या रेजिमेंटची होती, न्यूयॉर्कच्या पहिलीची होती, पेनसिल्व्हेनियाच्या पहिलीची होती, शिवाय खड्या फौजेतल्या चौथ्या रेजिमेंटचीही होती. सगळ्या त्याच रणांगणावर. एका तरुणाने पाठवलेल्या तक्त्यात या सगळ्यांचं कडबोळं झालं होतं. ३ जुलैच्या भडिमारात ऱ्होड आयलंडच्या एका तोफेच्या तोंडावर गोळा फुटला आणि दोन गोलंदाज जागीच गेले. सोबत्यांनी नवा गोळा भरायला घेतला, पण तोंड चेपल्यामुळे तो तिथेच अडकला. ती तोफ आजही प्रॉव्हिडन्सच्या विधानभवनात आहे, गोळा तसाच तोंडात घेऊन. तक्त्यात मात्र ती चौथ्या रेजिमेंटच्या बॅटरी बीचा प्रमुख जेम्स स्ट्युअर्ट याच्या खात्यावर! स्ट्युअर्ट १ जुलैला रेल्वेसाठी खोदलेल्या घळीपाशी लढला, नंतर सेमेटरी हिलवर गेला. ती तोफ होती सेमेटरी रिजवर. हा एक धागा सोडवण्यात माझे दोन रविवार गेले, कारण मृत-जखमींचे आकडेही एकमेकांत मिसळले होते.

माझी सवय सांगतो. वहीत प्रत्येक बॅटरीला एक पान आणि वर चार रकाने: अक्षर, रेजिमेंट, राज्य, त्या दिवशीचा अधिकारी. चारही भरल्याशिवाय पुढे जात नाही. ‘त्या दिवशीचा’ हे मुद्दाम. २ जुलैला लिटल राउंड टॉप या टेकडीवर बॅटरीचा प्रमुख हॅझलेट मारला गेला आणि बॅटरी रिटनहाउसकडे आली, त्याच संध्याकाळी.

दक्षिणेकडच्या बॅटऱ्यांना कप्तानाचं नाव चिकटतं. कप्तान बदलला की नाव बदलतं, तोफा त्याच. पेग्रमची म्हणून गाजलेली पर्सेल आर्टिलरी गेटिसबर्गला मॅकग्रॉच्या हाताखाली होती, आणि पेग्रम मेजर होऊन अख्खी बटालियन चालवत होता.

हुद्द्यांचंही तेच. अलोन्झो कुशिंगला ‘लेफ्टनंट कर्नल’ लिहू नका. २२ वर्षांचा तो पोरगा ३ जुलैला मेला तेव्हा फर्स्ट लेफ्टनंट होता. वरचा हुद्दा ब्रेव्हेट, म्हणजे मानाचा. १३ मार्च १८६५ ही तारीख दिसली की थांबा. त्या तारखेचे ब्रेव्हेट ढिगाने आहेत, आणि लढाईच्या दिवशीचा हुद्दा त्यांतून कळत नाही.

आधीच्या, डिसेंबर १८६२च्या फ्रेडरिक्सबर्ग लढाईची सैन्यरचना गेटिसबर्गला चिकटवू नका. मे १८६३ नंतर उत्तरेचा तोफखाना कोअरनिहाय (कोअर म्हणजे सैन्याचा एक मोठा विभाग) ब्रिगेडमध्ये बांधला गेला.

घड्याळाच्या वेळा मिनिटांवर जुळवू नका. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं होतं.

आणि कृपा करून सरकारी दप्तराच्या (युद्धातले अहवाल आणि पत्रव्यवहार यांच्या छापील संग्रहाच्या) २७व्या खंडात नुसतं आडनाव शोधून अधिकारी ठरवू नका. ही पळवाट मला अजिबात मान्य नाही. तिन्ही भाग सलग वाचा. ‘एम्स’ शोधाल तर दोन भेटतील: न्यूयॉर्कच्या बॅटरी जीचा कप्तान नेल्सन एम्स, आणि पायदळाचा ब्रिगेडियर ॲडेलबर्ट एम्स. हा दुसरा आधी तोफखान्यातच होता, म्हणून ही गफलत वाचणाऱ्यालाही सहज पटते.