कांद्याचा अर्ज दिल्लीत कुणाच्या टेबलावर द्यायचा

८ डिसेंबर २०२३ला कांद्याची निर्यात बंद झाली, तेव्हा आमच्या दोन ट्रॉल्या लाल कांद्याने भरून उभ्या होत्या. त्याच रात्री गटातल्या बायकांच्या सह्या घेऊन मी अर्ज लिहिला आणि पाठवला केंद्रीय कृषी मंत्रालयाला. कांदा शेतातला, म्हणून कृषी. तिथेच चुकलं. बंदीचा आदेश त्या खात्याचा नव्हताच. तेव्हापासून निफाड तालुक्यात कुणी दिल्लीला अर्ज करायला निघालं, की मी आधी विचारते, आदेशाचा कागद पाहिलात का?

तो कागद ई-राजपत्राच्या वेबसाइटवर फुकट मिळतो. अधिसूचनेच्या डोक्यावर मंत्रालय आणि विभाग असतो, मजकुरात कायदा आणि कलम, खाली सही. निर्यातबंदीवर नाव होतं वाणिज्य व उद्योग मंत्रालयाचं, आधार १९९२च्या विदेश व्यापार कायद्याचा. त्याआधी ऑगस्ट २०२३मध्ये लागलेलं ४० टक्के निर्यातशुल्क अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाचं. नाफेड ही सहकारी संस्था राखीव साठ्यासाठी कांदा घेते, ती ग्राहक व्यवहार विभागाच्या वतीने. कोणत्या खात्याकडे कोणतं काम, याची यादी १९६१च्या कार्यवाटप नियमांत आहे. आपल्या विषयापुरती ती वाचाच.

आता महत्त्वाचं. तिन्हीकडे एकच अर्ज पाठवू नका. ग्राहक व्यवहार विभाग शहरातल्या ग्राहकाचा भाव पाहतो. तिथे आपल्या उत्पादन खर्चाचं रडगाणं पोचत नाही. त्यांना कांदाचाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, कांदा किती, त्यातला सडतो किती, नवा माल बाजारात कधी येणार, हे सांगा. वाणिज्यला सांगा की बंदीच्या काळात परदेशातलं गिऱ्हाईक दुसऱ्या देशाकडे वळतं आणि परत आणायला वेळ लागतो. महसूल विभागाला शुल्कानंतर क्विंटलमागे लिलावात किती फरक पडला, ते हिशेबपट्ट्यांसकट दाखवा. आमच्या दुसऱ्या खेपेला मी तीन अर्ज तीन तऱ्हांनी लिहिले. मेहनत तिप्पट झाली, पण प्रत्येक अर्ज योग्य विभागात गेला.

फाइल खालून वर चढते: कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव किंवा संचालक, सहसचिव, सचिव, मग मंत्री. विषय दोन-तीन मंत्रालयांत अडकला असेल, तर एकमेकांचे अभिप्राय मागवतात आणि मोठा निर्णय मंत्रिमंडळापुढे किंवा त्याच्या समितीपुढे जातो. त्यामुळे अर्ज मंत्र्यांच्या नावे लिहिला, तरी एक प्रत तो विषय पाहणाऱ्या सहसचिवांना द्या. कुणाकडे काय, ते मंत्रालयाच्या वेबसाइटवर असतं.

अर्जाला उत्तर येईलच असं नाही. लोकसभेतल्या प्रश्नाला मात्र मंत्र्यांना उत्तर द्यावं लागतं, कारण राज्यघटनेच्या कलम ७५ प्रमाणे मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे. महाराष्ट्राचे ४८ खासदार तिथे बसतात. आपल्या खासदारांकडे अधिवेशनाच्या महिनाभर आधी जा, कारण प्रश्नाची सूचना १५ दिवस आधी द्यावी लागते. अतारांकित प्रश्न मागा; त्याचं उत्तर लेखी येतं आणि कायम नोंदीत राहतं. प्रश्न तुम्हीच लिहून न्या. ‘शेतकऱ्यांचं नुकसान झालं का’ असं विचारू नका. ‘बंदी घालण्यापूर्वी कोणत्या बाजारांचे, कोणत्या तारखांचे भाव विचारात घेतले’ असं विचारा, म्हणजे आकडेच द्यावे लागतात.

तरीही काही हाती लागलं नाही, तर माहितीचा अधिकार आहे. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. विभाग चुकला, तर पाच दिवसांत योग्य विभागाकडे पाठवण्याची जबाबदारी त्यांची.

४ मे २०२४ला बंदी उठली, पण निर्यातीला टनामागे किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क लागलं. सप्टेंबरात किमान भाव गेला, शुल्क २० टक्क्यांवर आलं; १ एप्रिल २०२५ला तेही गेलं. या प्रत्येक अधिसूचनेचं पहिलं पान मी छापून फाइलला लावलं आहे. नवा अर्ज लिहायला बसले, की आधी तेच पान काढते.