पावसाआधीचे तीन आठवडे गोठ्यासाठी राखून ठेवा

घटसर्पाची लस पाऊस पडायला लागल्यावर टोचून घ्यायची नसते. लस दिली त्या दिवशी जनावर सुरक्षित होत नाही, अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात. दरवर्षी होतं मात्र उलटंच. शेजारच्या दावणीची म्हैस दगावली की सगळे लसीसाठी धावतात. घटसर्पात ताप चढतो, गळ्याखाली सूज येते, श्वास घरघरतो आणि पुष्कळदा एक-दोन दिवसांत खेळ आटोपतो. फऱ्या हा रोग तर धष्टपुष्ट वासरांनाच धरतो, बहुतेक सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या. मांडीवरची किंवा खांद्यावरची सूज दाबली की चरचर आवाज येतो. ‘हे तगडं आहे, याला कशाला लस’ असं म्हणून सोडलेलं वासरूच आधी जातं.

लाळ-खुरकूताची लस दर सहा महिन्यांनी, शेळ्या-मेंढ्यांना आंत्रविषार आणि पीपीआर या साथीच्या विषाणूरोगाची. जंताचं औषध लसीच्या दोनेक आठवडे आधी उरकून घ्या. लस 2 ते 8 अंश तापमानातच टिकते, त्यामुळे ती बर्फाच्या डब्यातून आली का, हे विचारायला लाजू नका. सुई प्रत्येक जनावराला वेगळी हवी. एकाच सुईने अख्खा गोठा टोचणं म्हणजे रोग हातानं वाटत फिरणं. टोचल्यावर दोन दिवस दूध थोडं घटतं, जागेवर गाठ येते. तेवढ्यासाठी लस चुकवू नका.

बाहेरचा रोग गोठ्यात शिरतो तो बहुतेक वेळा नव्या जनावराबरोबर. ते आणलं की निदान चार आठवडे वेगळं बांधा. लम्पीची लक्षणं दिसायलाच तेवढे दिवस लागू शकतात. नव्या जनावराची बादली, दावं, घमेलं सगळं निराळं. चारा-पाणी आणि धारा आधी निरोग्यांच्या, मग नव्याच्या, आजारी असेल त्याच्या सगळ्यात शेवटी. वेगळी माणसं ठेवणं कुणालाच परवडत नाही, पण कामाचा क्रम बदलायला काही लागत नाही.

जंतुनाशकाबद्दल एक गैरसमज फार पक्का बसलाय. शेणावर ओतलेलं फिनेल वाया जातं, शेणामातीत त्याचा जोरच मरतो. आधी खरडून काढा, धुवा, वाळू द्या आणि मग फवारा. लाळ-खुरकूताच्या विषाणूला धुण्याचा सोडा पुरतो, लिटरभर पाण्यात 40 ग्रॅम. कुत्र्यांना रक्ताचे जुलाब लावणाऱ्या पार्व्हो विषाणूवर फिनेलचा भरवसा धरू नका. तिथे ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी. तो विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. जिथे एक पिल्लू त्याने गेलं तिथे लसीचे सगळे डोस न झालेलं दुसरं आणू नका.

उंदरांकडेही लक्ष द्या. त्यांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा जंतू) साचलेल्या पाण्यात उतरतो आणि गुरं, कुत्री, माणसं कुणालाच सोडत नाही. खाद्याच्या पोत्यांखाली फळ्या टाका, गोठ्यातली डबकी बुजवा.

एखादं जनावर अचानक मेलं आणि नाकातून, गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल, तर ते फाडू नका, कातडं सोलू नका. ती काळपुळी (अँथ्रॅक्स) असू शकते आणि तिचे बीजाणू उघड्यावर पडले की जमिनीत दशकानुदशकं राहतात. आधी पशुवैद्यकाला कळवा.

राखणीच्या कुत्र्याला रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग पशुवैद्यक सांगतील तशी नियमित. हे लिहितोय ते गाई-म्हशींसाठीही. पिसाळलेली गाय नेहमी मारकी होतेच असं नाही. ती हंबरत राहते, लाळ गाळते, तिला गिळता येत नाही. घशात काही अडकलंय असं वाटून माणसं तिच्या तोंडात हात घालतात. घालू नका. लाळ अंगाला लागलीच, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.