कॉइलचे सिम्युलेशन चुकते तेव्हा तपासणी कोठून सुरू करावी

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे परिसरात फौंड्रीच्या इंडक्शन भट्ट्या, शाफ्टचे हार्डनिंग (तापवून पृष्ठभाग कठीण करणे) आणि व्हॉल्व्हचे सोलेनॉइड (चुंबकीय ओढ देणाऱ्या कॉइल) ही कामे शेजारी-शेजारी चालतात, आणि या तिन्हींचा जीव कॉइलमध्ये असतो. कॉइल गुंडाळण्यापूर्वी ती फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे पाडून क्षेत्राचे गणित करणाऱ्या प्रणालीत, तपासणे शहाणपणाचे आहे. मात्र सॉल्व्हर, म्हणजे त्यातील गणित करणारा भाग, मध्येच थांबला, तर काहीतरी चुकले आहे एवढे तरी कळते. गणित पूर्ण होऊन रंगीत चित्र समोर आले आणि आकडे मात्र मीटरशी जुळले नाहीत, तर शोध अवघड होतो. अशा वेळी बहुतेक जण प्रथम मेश (त्या तुकड्यांची जाळी) बारीक करू लागतात. माझ्या मते ती शेवटून दुसरी पायरी असावी.

प्रथम मूळ मॉडेल बाजूला ठेवून गाभा नसलेली साधी कॉइल घ्यावी. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या ६३ मिमी बाह्य व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर २६ गेजच्या (एसडब्ल्यूजी) इनॅमल तारेचे २०० वेढे एकाच थरात, १० सेंमी लांबीत बसवले, तर सरासरी त्रिज्या सुमारे ३.१८ सेंमी येते. हॅरॉल्ड व्हीलर यांच्या १९२८ च्या सूत्रानुसार, त्रिज्येचा वर्ग गुणिले वेढ्यांचा वर्ग, भागिले २२.९ पट त्रिज्या अधिक २५.४ पट लांबी, सर्व मापे सेंटिमीटरमध्ये, असे केले की इंडक्टन्स मायक्रोहेन्रीत मिळतो. येथे तो सुमारे १.२४ मिलिहेन्री आहे. एका अँपिअरला केंद्रातील क्षेत्र सुमारे २.१ मिलिटेस्ला आणि तारेचा रोध सुमारे ४.२ ओहम येतो. हे तीन आकडे कागदावर आणि सॉफ्टवेअरमध्ये, तसेच त्यांतील इंडक्टन्स एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स मोजणाऱ्या मीटरवर) व रोध मल्टिमीटरवर जुळेपर्यंत पुढे जाऊ नये.

न जुळल्यास फरक किती पटीचा आहे हे पाहावे, कारण तो आकडाच चुकीचे नाव सांगतो. इंडक्टन्स २५.४ पट जास्त आणि क्षेत्र तितकेच कमी असेल, तर मिलिमीटरमधील रेखाचित्र इंचांत वाचले गेले आहे. एफईएमएम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नव्या प्रश्नाचे मूळ एकक इंच असते, त्यामुळे हा प्रकार तेथे वारंवार घडतो. क्षेत्र बरोबर, पण इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने, म्हणजे येथे ४०,००० पटीने कमी असेल, तर २०० वेढ्यांऐवजी एकाच वेढ्यात २०० अँपिअर भरले आहेत. याउलट वेढे २०० आणि प्रवाहही २०० लिहिला, तर इंडक्टन्स बिनचूक येतो आणि क्षेत्र २०० पट वाढते. म्हणून केवळ एका आकड्यावर समाधान मानू नये. क्षेत्रात १.४१ पटीचा आणि बल वा उष्णतेत दुपटीचा फरक दिसल्यास एसी प्रवाहाचे आरएमएस (परिणामी सरासरी) मूल्य आणि शिखरमूल्य यांची गल्लत झाली आहे. एसी गणितातील सरासरी ऊर्जेला डीसीचे सूत्र लावले, तर इंडक्टन्स बरोबर निम्मा येतो. अर्ध्या किंवा पाव मॉडेलचे आकडे पूर्ण कॉइलचे समजल्यासही दोन किंवा चार पटीचा फरक पडतो. फक्त रोध चुकत असेल, तर तारेचा छेद किंवा फिल फॅक्टर (गुंडाळणीच्या जागेतील तांब्याचा वाटा) तपासावा.

फरक काही टक्क्यांचाच असेल, तर कॉइलभोवतीच्या हवेच्या क्षेत्राकडे वळावे. बाहेरील सीमेवर व्हेक्टर पोटेन्शियल (ज्यातून सॉफ्टवेअर चुंबकीय क्षेत्र काढते ती राशी) शून्य ठेवले आणि सीमा जवळ असली, तर चुंबकरेषा कोंडल्या जाऊन इंडक्टन्स कमी दिसतो. तीच सीमा कोणतीही अट न घालता मोकळी ठेवली, तर तो जास्त दिसतो. खरे उत्तर या दोहोंच्या मध्ये असते, त्यामुळे दोन्ही गणिते करून त्यांतील अंतर पाहणे ही सोपी चाचणी आहे. अंतर मोठे असल्यास हवेची त्रिज्या कॉइलच्या किमान पाचपट करावी किंवा सॉफ्टवेअरमधील खुल्या सीमेची (अमर्याद हवेची नक्कल करणारी) सोय वापरावी.

आता गाभा घालावा. पोलादाची पारगम्यता (चुंबकरेषा वाहून नेण्याची क्षमता) स्थिर धरली असेल, तर चित्रात ५-६ टेस्ला दिसू शकतात, आणि पोलाद साधारण १.५ ते २ टेस्लाच्या दरम्यान संपृक्त होत (म्हणजे त्यापुढे फारसे चुंबकित होत नसल्याने) ते उत्तर निरुपयोगी असते. पोलादाचा बी-एच वक्र (चुंबकीकरणाचा आलेख) दिल्यावर सॉल्व्हर अडखळला, तर वक्र कोठे खाली वळतो का आणि त्याच्या शेवटच्या टोकाचा उतार हवेच्या पारगम्यतेपेक्षा कमी होतो का, हे पाहावे. चिकोडी-अथणीकडील ऊसपट्ट्यातील पंपांच्या पॅनेलमध्ये असतो तसा एसी काँटॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा स्विच) तपासताना आणखी दोन गोष्टी लागतात. त्याचा गाभा पत्र्यांचा असतो. तो अखंड पोलादासारखा विद्युतवाहक धरला, तर ५० हर्ट्झलाच स्किन डेप्थ (क्षेत्र व प्रवाह पृष्ठभागापासून आत शिरतात ती खोली) सुमारे १ मिमी होऊन चुंबकरेषा कडेला ढकलल्या जातात. शिवाय कॉइल व्होल्टेजवर चालते आणि गाभ्यातील हवेची फट मिटताच प्रवाह घटतो, म्हणून उघड्या स्थितीतील प्रवाह बंद स्थितीत वापरल्यास बल अवाजवी मोठे येते.

मेशचा प्रश्न खरा उभा राहतो तो हार्डनिंगमध्ये. एका स्किन डेप्थमध्ये दोन-तीन तरी एलिमेंट हवेत. तांब्यात ती ५० हर्ट्झला सुमारे ९.३ मिमी, तर २० किलोहर्ट्झला अर्ध्या मिलिमीटरहून कमी असते. थंड पोलादात १० किलोहर्ट्झला ती ०.१ मिमीच्याही खाली जाते, आणि तेथे आतील भागाचा मेश करण्याऐवजी पृष्ठभागावर इम्पीडन्स सीमा (आतील भागाचा परिणाम पृष्ठभागावरच धरणारी अट) लावणे परवडते. मात्र सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादाचे चुंबकत्व जाते आणि तीच स्किन डेप्थ ५ मिमीच्या आसपास पोहोचते. थंड पोलादाचे गुणधर्म शेवटपर्यंत वापरले, तर हार्डनिंगची खोली चुकणारच. तापमानाचे गणित सोबत जोडावे.

त्रिमितीय मॉडेल मुळीच सुटत नसेल, तर कॉइलची टोके हवेत लोंबकळत आहेत का ते पाहावे, कारण प्रवाह बंद वळणातच वाहायला हवा किंवा दोन्ही टोके सीमेला टेकायला हवीत. तेही ठीक असेल, तर हवेला मीटरला १ सीमेन्स इतकी अल्प वाहकता द्यावी किंवा गेज फिक्सिंग (व्हेक्टर पोटेन्शियलचे उत्तर एकमेव ठरवणारी अट) सुरू करावे; पहिल्या उपायानंतर हवेत दिसणारी उष्णता एकूण उष्णतेच्या तुलनेत नगण्य आहे, याची खात्री करून घ्यावी.