जुना हाय-फाय सेट हाती आल्यावर या चुका टाळा

पंचवीस-तीस वर्षं कपाटावर पडून असलेला अॅम्प्लिफायर हाती आला की पहिली इच्छा होते ती प्लग लावून बटण दाबायची. ती आवरा. सत्तरच्या दशकातली ही यंत्रं भक्कम बांधणीची आहेत. वयामुळे त्यांच्यात जे बिघडतं, ते बहुतेक वेळा दुरुस्त होतं. दुरुस्त होत नाही ते घाईत केलेलं नुकसान. जळालेले आउटपुट ट्रान्झिस्टर, उखडलेले बोर्डावरचे ट्रॅक, फडक्याने पुसली गेलेली डायलवरची अक्षरं, हे सगळं मालकाच्या किंवा कच्च्या कारागिराच्या हातून होतं. म्हणून आधी काय करायचं नाही ते समजून घ्या.

व्होल्टेज न पाहता प्लग लावणं

मागच्या पट्टीवर काय छापलंय ते वाचा. जपानच्या देशांतर्गत बाजारासाठी बनलेला सेट १०० व्होल्टवर चालतो, अमेरिकेतला १२० वर. असा सेट थेट २३० व्होल्टवर लावला तर फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर पॉवर ट्रान्सफॉर्मरच जातो आणि त्या मापाचा दुसरा सहज मिळत नाही. निर्यातीच्या मॉडेलवर व्होल्टेज सिलेक्टर असतो, पण आधीच्या मालकाने तो कुठे फिरवून ठेवलाय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवू नका. जुना जपानी ट्यूनर घेताना आणखी एक गोष्ट बघा. त्याचा एफएम पट्टा ७६ ते ९० मेगाहर्ट्झ असतो. ज्या देशांत स्टेशनं ८७.५ ते १०८ मध्ये आहेत तिथे तो जवळजवळ मुकाच राहतो, मग तो कितीही सुरेख दिसो.

व्होल्टेज जुळलं तरी थेट वीज देऊ नका. सिरीज बल्ब लावा, म्हणजे फेजच्या वायरमध्ये साठ ते शंभर वॉटचा तारेचा बल्ब सेटच्या सिरीजमध्ये. एलईडी बल्ब इथे चालत नाही. सेट ठीक असेल तर बल्ब क्षणभर भगकन पेटतो, कारण मोठे फिल्टर कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) भरत असतात, आणि मग मंद होतो. लख्ख पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. बंद करा. एवढ्या साध्या जुगाडाने आउटपुटचे ट्रान्झिस्टर वाचतात, कारण जास्तीचा करंट बल्ब खातो. ही जोडणी नीट बंदिस्त बोर्डावर करा, उघड्या पिळलेल्या वायरींवर नाही.

या वेळी स्पीकर जोडलेले नसावेत. मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक चॅनेलच्या स्पीकर टर्मिनलवर नको असलेलं डीसी व्होल्टेज, म्हणजे ऑफसेट, मोजा. व्होल्यूम शून्यावर, आणि सेटला दहा-पंधरा मिनिटं तापू द्या. सिरीज बल्ब काढून पूर्ण व्होल्टेजवर घेतलेलं मापच खरं धरा. पन्नास मिलिव्होल्टच्या आत असेल तर काळजी नाही. शंभरच्या वर असेल तर कारण शोधा. काही व्होल्ट दिसले तर स्पीकर जोडायचा विचारही करू नका, व्हॉइस कॉइल (स्पीकरच्या आतली तारेची गुंडाळी) जळेल. काही सेटमध्ये सुरू केल्यावर थोड्या सेकंदांनी रिलेचा (स्पीकर आपोआप जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचा) 'टक' आवाज येतो. तो आला नाही म्हणजे प्रोटेक्शन सर्किटला काहीतरी खटकलंय. रिले बायपास करून आवाज काढणं ही सगळ्यात महागडी चूक आहे. तो रिले स्पीकर वाचवण्यासाठीच बसवलेला असतो.

चालू सेटला मेलेला ठरवणं

'आवाजच येत नाही' म्हणून भंगाराच्या भावात गेलेल्या कित्येक रिसीव्हरचं टेप मॉनिटरचं बटण दाबलेलं असतं. ते दाबलं की सेट टेप डेककडून आवाज मागतो, आणि डेक जोडलेला नसतो. तसंच मागे प्री-आउट आणि मेन-इन अशा जोड्या असतील तर त्यांमधले धातूचे छोटे जंपर आहेत का बघा. ते हरवले की प्रीअॅम्पचा (सेटच्या पहिल्या टप्प्याचा) आवाज पॉवर अॅम्पपर्यंत (स्पीकर चालवणाऱ्या टप्प्यापर्यंत) पोचतच नाही. स्पीकर ए-बीचं बटण, म्यूट, हेडफोनचा जॅक, हे सगळं पाहून झाल्यावरच स्क्रू ड्रायव्हर हाती घ्या.

एक चॅनेल बंद असेल तर अंदाज बांधू नका, अदलाबदल करा. आधी सेट बंद करून स्पीकरच्या वायरी डाव्या-उजव्या बदला. बिघाड दुसऱ्या स्पीकरकडे गेला तर दोष अॅम्पमध्ये किंवा त्याच्या आधीच्या यंत्रात. मग इनपुटच्या वायरी बदला, मग शक्य असेल तर प्री-आउटच्या. दोनतीन पायऱ्यांत बिघाड कुठल्या भागात आहे ते कळतं.

लहान आवाजात एक बाजू गायब होते आणि व्होल्यूम वाढवला की अचानक येते, हे लक्षण बहुतेक वेळा काळवंडलेल्या रिलेचं किंवा स्विचचं असतं. रिलेचे पॉइंट पॉलिश पेपरने घासू नका. त्यावरचा पातळ मुलामा निघतो आणि महिन्याभरात दुखणं परत येतं. कॉन्टॅक्ट क्लीनर लावलेली कागदाची पट्टी पॉइंटमध्ये हलकेच दाबून ओढा. एवढ्याने भागलं नाही तर रिलेच बदला, तो फार महाग नसतो.

घुंई आवाजालाही ओळख असते. पन्नास हर्ट्झचा जाड, खालचा आवाज बहुधा अर्थिंग, शील्डिंग किंवा टर्नटेबलची सुटलेली अर्थची वायर यांच्यातून येतो. शंभर हर्ट्झचा, जरा कडक आवाज पॉवर सप्लायकडे बोट दाखवतो. साठ हर्ट्झच्या विजेवर हेच आकडे साठ आणि एकशेवीस होतात.

साफसफाईत झालेलं नुकसान

गंजलेला नट सोडवायला डब्ल्यूडी-४० उत्तम आहे. व्होल्यूम कंट्रोलमध्ये ते मारणं चूक आहे. खरखर दोन दिवस जाते, आतलं मूळ ग्रीस धुऊन निघतं, आणि मागे उरलेल्या चिकट थरावर धूळ बसून खरखर दुप्पट जोमाने परत येते. त्यासाठी पॉट (व्होल्यूमसारखा फिरता कंट्रोल) आणि स्विचसाठीच बनवलेला क्लीनर वापरा. सेट बंद, पॉटच्या फटीत थोडासा फवारा, आणि नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवायचा. जास्त मारून फायदा नाही. ट्यूनरच्या आत स्टेशन बदलताना एकमेकांत सरकणाऱ्या धातूच्या पात्यांवर तर मुळीच मारू नका.

डायलच्या काचेबद्दल मी विशेष कळकळीने सांगतो. आकडे आणि रेषा काचेच्या आतल्या बाजूला छापलेल्या असतात. जुनी शाई स्पिरिटने, काच पुसायच्या निळ्या पाण्याने, कधीकधी नुसत्या ओल्या फडक्यानेही निघते. एकदा निघाली की ती परत येत नाही. आतून मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि तिथेच थांबा. पॅनेलवरच्या अक्षरांनाही स्पिरिट लावू नका. तिथे साबणाचं कोमट पाणी आणि पिळलेलं सुती फडकं पुरतं.

डायलमागचे दिवेही सांभाळून. अनेक रिसीव्हरमध्ये ते दिसायला काचेच्या फ्यूजसारखे, पण आठ व्होल्टचे बल्ब असतात. त्या जागी खरा फ्यूज बसवून 'दिवा लागत नाही' म्हणणारे भेटतात. जास्त वॉटचा बल्ब लावला तर मागचा पांढरा पडदा करपतो आणि प्लास्टिक वाकतं.

सगळे कपॅसिटर एकदम बदलणं

सेट आला की झाडून सगळे कपॅसिटर बदलायचे, हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वयाने सुकतात, हे खरं. पण फिल्म आणि मायकाचे कपॅसिटर बहुतेक वेळा पन्नास वर्षांनीही मापात असतात. एका बैठकीत साठ-सत्तर भाग बदलले आणि सेट बोलला नाही, तर चूक त्या साठ-सत्तर जागांपैकी कुठे शोधणार? एक बोर्ड घ्या. आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, मग बदला, चालवून ऐका, मग पुढचा बोर्ड. पोलॅरिटीसाठी बोर्डावरच्या छपाईवर विसंबू नका. कुठे धन बाजू रंगवलेली असते, कुठे ऋण, आणि क्वचित छपाईच चुकलेली असते. काढलेला भाग कसा बसला होता तेच प्रमाण.

नवा कपॅसिटर त्याच मायक्रोफॅरडचा आणि तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा घ्या. मुख्य फिल्टर दुप्पट-तिप्पट मोठा घातला तर सुरू करताना रेक्टिफायर आणि स्विचवर नाहक ताण येतो. जुन्या तपकिरी बोर्डावर सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवलं की पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) उचलला जातो. ताजं सोल्डर आणि फ्लक्स लावून जुना डाग आधी वितळवा, मग ओढून घ्या.

ज्या गोष्टी खरोखर आधी बदलाव्यात त्या वेगळ्याच आहेत. मेन्सवर बसलेले जुने कागदी कपॅसिटर, विशेषतः रिफा कंपनीचे पारदर्शक पिवळसर आवरणाचे, तडे जाऊन ओल धरतात आणि एके दिवशी धूर काढतात. तिथे सुरक्षेचा शिक्का असलेला, त्याच वर्गाचा कपॅसिटरच लागतो. दुसरी गोष्ट म्हणजे जपानी सेटमध्ये भाग बोर्डाला धरून ठेवायला लावलेला गोंद. नवा असताना तो फिकट असतो. उष्णतेने तपकिरी झाला की तो भागांचे पाय खातो आणि वीजही थोडी वाहू देतो. दिसेल तिथे तो खरवडून काढा.

ट्रान्झिस्टर बदलताना पायांचा क्रम तपासा. बीसी५४७ चा क्रम कलेक्टर-बेस-एमिटर, २एन३९०४ चा एमिटर-बेस-कलेक्टर, २एससी१८१५ चा एमिटर-कलेक्टर-बेस. दिसायला तिघंही सारखे. मोठे आउटपुट ट्रान्झिस्टर ओळखीच्या, अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. २एससी५२०० आणि २एसए१९४३ या जोडीच्या नकला बाजारात भरपूर आहेत, आणि नकली ट्रान्झिस्टर जाताना सोबत अर्धा बोर्ड घेऊन जातो.

'फिरवून तर बघू'

आतले छोटे ट्रिमपॉट बायस (आवाज नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट) आणि ऑफसेट ठरवतात. सर्व्हिस मॅन्युअल हाती नसताना त्यांना हात लावू नका. जुन्या ट्रिमपॉटची टोकदार पट्टी फिरवताना क्षणभर जरी सुटली, तरी बऱ्याच सर्किटमध्ये बायस एकदम कमाल होतो आणि आउटपुट तिथल्या तिथे जातं. आधी तो पॉट नवा बसवा, मॅन्युअलमध्ये दिलेल्या कमी बायसच्या टोकाला ठेवा, मग मोजत मोजत वाढवा. मीटरच्या पिना हाताने धरण्यापेक्षा सेट बंद असताना क्लिपने अडकवा. पिन घसरून दोन पाय जोडले गेले तर निरोगी सेट संपतो. ट्यूनरमधल्या आयएफटींचे (जुळणीच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचे) गाभे आणि सीडी प्लेयरच्या लेझरचा पॉट यांनाही हाच नियम. लेझर वाढवला की डिस्क काही दिवस चालते, मग लेझरच जातो. खरा दोष बहुधा धुळकट लेन्स किंवा सुकलेलं ग्रीस असतो.

व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अॅम्प्लिफायर उघडणार असाल तर आधी शिका. आत चार-पाचशे व्होल्ट असू शकतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये बसून राहतात. स्पीकर न जोडता असा अॅम्प्लिफायर चालवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मरला धोका असतो. कपलिंग कपॅसिटर (दोन टप्पे जोडणारा) गळका झाला की व्हॉल्व्हची प्लेट लाल होते. ते दिसताच बंद करा.

टर्नटेबल आणि सुई

तबकडी संथ फिरतेय म्हणून नवा बेल्ट आणला आणि तरी संथच, असं झालं तर मोटर बघा. साठ हर्ट्झच्या देशातलं सिंक्रोनस मोटरचं (विजेच्या हर्ट्झवर जिचा वेग ठरतो अशा) टर्नटेबल पन्नास हर्ट्झवर लावलं की मिनिटाला ३३⅓ ऐवजी सुमारे २७.८ फेरे होतात. त्याला वेगळ्या व्यासाची पुली लागते. आयडलर चाकाच्या (मोटरची गती पुढे देणाऱ्या रबरी चाकाच्या) यंत्रात काम झाल्यावर चाक गुंतलेलं ठेवू नका, रबरावर सपाट खड्डा पडतो आणि मग तबकडीच्या प्रत्येक गाण्याखाली धडधड ऐकू येते.

तबकडी वाचावी म्हणून सुईचं वजन कमी ठेवणं हा फार पसरलेला गैरसमज आहे. हलकी सुई खाचेला चिकटून राहत नाही, उसळते, आणि भिंती खरवडते. निर्मात्याने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या बाजूला ठेवलेलं बरं. डब्यात चाळीस वर्षं न उघडलेली सुई नवीच असेल असं समजू नका. हिरा तसाच असतो, पण त्यामागचं रबर कडक झालेलं असू शकतं.

टर्नटेबल पाठवायचं असेल तर प्लॅटर (तबकडी ठेवायची फिरती थाळी) आणि काउंटरवेट (टोनआर्मच्या मागचं वजन) काढून वेगळे गुंडाळा, टोनआर्म (सुईचा दांडा) बांधा, सुई काढून ठेवा. स्प्रिंगवरच्या मॉडेलचे ट्रान्झिट स्क्रू घट्ट करा. प्लॅटर जागेवर ठेवून पाठवलेलं यंत्र बेअरिंग खराब होऊनच पोचतं, आणि ही चूक अजूनही रोज होते.

स्पीकर आणि डेक

फोमची कडा असलेले वूफर (खालच्या सुरांचे मोठे स्पीकर) पंधरा-वीस वर्षांत झडायला लागतात. बोट लावताच चुरा झाला तर वाजवू नका. कॉइल एका बाजूला घासून खराब होते. नवी कडा फोमच्याच जातीची घ्या. जाड रबर लावलं की बंद पेटीच्या स्पीकरचा खालचा सूर बदलतो. कापडी कडा मात्र बहुतेक वेळा शाबूत असते, तिच्यावर गोंदाचा थर देऊ नका. ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) मेलाय असं वाटलं तर मागचा लेव्हल कंट्रोल आधी फिरवून बघा. तो आत काळवंडलेला असतो.

कॅसेट डेक चालू आहे असं सांगून विकला जातो तेव्हा प्ले, फॉरवर्ड, रिवाइंड तिन्ही बघा. आतले बेल्ट डांबरासारखे वितळलेले असतात. तो चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढल्याशिवाय नवा बेल्ट बसवू नका. डीमॅग्नेटायझर वापरताना डेक बंद ठेवा, आणि तो हेडपासून हातभर लांब सुरू करून लांबच बंद करा. हेडजवळ बंद केलात तर चुंबकत्व घालवायच्या ऐवजी भरून ठेवाल.

काढलेले मूळ भाग, अगदी सुकलेले कपॅसिटरही, चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा आणि काय कधी बदललं त्याचा कागद झाकणाच्या आत चिकटवा. पुढच्यांदा झाकण उघडणाऱ्याला, तो तुम्हीच असाल किंवा दुसरा कारागीर, भागाचं मूळ माप आणि मूळ जागा तिथून कळतात.