मुंबई ते आखात: रडार सुटल्यानंतरचं एटीसी

देशांतर्गत उड्डाणांत एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) आपल्याला पडद्यावर बघतंय, याची सवय होऊन जाते. मुंबईहून मस्कत-दुबईकडे निघालात की ती सोडावी लागते. क्रूझच्या उंचीवरही नेहमीचा व्हीएचएफ रेडिओ जेमतेम 200 नॉटिकल मैल पोचतो. भर समुद्रावर कंट्रोलर दोन विमानांत अंतर राखतो ते तुमच्या विमानाने कळवलेल्या जागेच्या आणि वेळेच्या भरवशावर.

म्हणून सीपीडीएलसीचा (कंट्रोलर आणि वैमानिकांतल्या लेखी डेटालिंक संदेशांचा) लॉगऑन आधी. हद्दीच्या 10 ते 25 मिनिटं अगोदर करायचा. मुंबई एफआयआरचा (मुंबई नियंत्रणाखालच्या हवाई हद्दीचा) पत्ता व्हीएबीएफ. लॉगऑन फसतो तेव्हा दोष बहुधा यंत्रात नसतो. फ्लाइट प्लॅनच्या 7 व्या रकान्यात (विमानाची ओळख) एअर इंडियासाठी ‘एआयसी’ असतं आणि कोणीतरी एफएमएसमध्ये (विमानातल्या उड्डाण-संगणकात) तिकिटावरचं ‘एआय’ भरतं. ऐनवेळी विमान बदललं आणि प्लॅनमधलं रजिस्ट्रेशन जुनंच राहिलं, तरीही तेच होतं.

आता संदेश येतो: ‘ॲट 2030 क्लाइंब टू एफएल 360’ (2030 ला 36,000 फुटांच्या लेव्हलला चढा). घाईत नजर 360 वर जाते, विल्को (समजलं, तसंच करतो) दाबलं जातं आणि विमान लगेच चढू लागतं. 2030 ही यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, म्हणजे मुंबईत रात्रीचे 2. तोवर वरच्या लेव्हलला दुसरं विमान असू शकतं. दोन्ही वैमानिकांनी संदेश शेवटच्या पानापर्यंत वेगवेगळा वाचावा, मगच विल्को. ‘स्टँडबाय’ (थांबा) म्हणजे नकार नव्हे. नसेल जमत तर ‘अनेबल’.

डेटालिंक असली तरी एचएफ (लांब पल्ल्याचा रेडिओ) सोडू नका. दिवसा वरची फ्रिक्वेन्सी, रात्री खालची. पहिल्याच संपर्कात सेलकॉल (आपल्याच विमानाला हाक आली की वाजणारी घंटी) तपासून घ्या, नाहीतर पुढे तासन्‌तास खरखर ऐकत बसाल.

पावसाळ्यात ढग टाळायचा आहे आणि एचएफवर उत्तर मिळत नाही, हा प्रसंग हमखास येतो. मार्गापासून 5 नॉटिकल मैलांच्या आत राहणार असाल तर लेव्हल तीच. त्याहून जास्त जायचं असेल तर 5 मैलांवर लेव्हल 300 फुटांनी बदलायची: मार्गाच्या दक्षिणेला वर, उत्तरेला खाली. दिवे लावा, 121.5 (आणीबाणीची) आणि 123.45 (विमानांची आपसातली) या फ्रिक्वेन्सींवर कळवा, आणि परवानगीसाठी हाका मारणं थांबवू नका. परतताना 5 मैलांच्या आत येईपर्यंत मूळ लेव्हल गाठलेली हवी.